राजाची अडीच घरं

१

लग्न ठरताना मला सांगितलं होतं की सासऱ्यांना बुद्धिबळाचा नाद आहे. कोणाशी खेळतात, ते कोणी सांगितलं नव्हतं.

कॉम्प्युटरशी. प्रशिकने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, कॉलेजात असताना घेतलेला तो कॉम्प्युटर. पाठीला कुबड आलेला जाड पडदा आणि टेबलाखाली घरघरणारा डबा. हॉलला लागून एक अरुंद खोली आहे, तिच्या बाहेरच्या भिंतीला टेकवून तो मांडलेला. त्या भिंतीपलीकडे काही नाही. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, खाली जरीपटका वस्तीचा बाजार.

जेवणं आटोपली की बाबा काठी घेऊन त्या खोलीत जात. बसण्याआधी काठीने भिंत ठोकत. दोन ठोके, जरा थांबून एक. कान देऊन ऐकत, खोकत आणि मग बसत. मी नवीन. आधी वाटलं, ही एखादी पूजा असावी. पण हे घर पूजापाठाचं नाही. हॉलमध्ये बुद्धाची तसबीर आहे, आणि तिच्याखाली सगळ्यांचे मोबाइल चार्जिंगला असतात.

"खाणीतली सवय आहे वं ती," सासूबाई मेथी निवडता निवडता म्हणाल्या. "कन्हानकडे कोळशाच्या खाणीत होते ना तुझे सासरे. आत गेलं की पहिले छत ठोकून पाहाचं. भरीव वाजलं त पुढं जाचं, पोकळ वाजलं त पळाचं. माणूस रिटायर झाला, काठी नाही झाली."

खोकलाही रिटायर झाला नव्हता. कोळशाची धूळ छातीत घेऊनच बाबा घरी आले होते. तो खोकला म्हणजे आमच्या घरातलं घड्याळ. सकाळचा वेगळा, चहानंतरचा वेगळा. महिन्याभरात मी त्यावर पोळ्यांची वेळ लावायला शिकले.

मी कामठीची. मागांच्या खडखडाटात वाढले. आमच्याकडे बोलायचं म्हणजे ओरडायचं, म्हणून मी लहानपणीच बोलणं सोडून बघणं धरलं. सासरी याला सोज्वळपणा म्हणतात. मीही चूक सुधारायला गेले नाही.

२

मला बुद्धिबळ येतं हेही मी सांगितलं नव्हतं. नव्या सुनेने पोळी गोल येते हे दाखवावं, वजीर येतो हे नाही. पण एका दुपारी चहा ठेवताना माझी नजर पडद्यावर जरा जास्त रेंगाळली आणि बाबांनी पकडलं.

"येते का वं तुले?"

"आजोबांनी शिकवलं होतं. पण आमचं देशी."

"म्हंजे राजाले उडीवालं?"

मी हसले. माझे आजोबा, वामनराव, मागाच्या शेडमध्ये खोक्यावर पट मांडत. त्यांच्या खेळात प्यादं पहिल्यापासून एकच घर चाले, आणि राजाला शह बसेपर्यंत एकदा, फक्त एकदा, घोड्यासारखी अडीच घरं उडी मारता येई. मला ती उडी भारी आवडे. मी ती डावाच्या अखेरीपर्यंत राखून ठेवायची.

"तो जुना खेळ," बाबा म्हणाले. "याले नाही समजत. हा रूलवाला आहे. बस इथं. पाहाचंच असन त नीट पाह्य."

मग ते मला शिकवू लागले. आधी वर्षानुवर्षं ते या प्रोग्रामकडून हरत होते. पट मोकळा असला की त्याच्यापुढे आपला निभाव नाही, तो दहा चाली पुढचं बघतो. "उजेडात त्याले सारं दिसते. आपण अंधार कराचा." अंधार करायचा म्हणजे प्याद्यांना नाकाला नाक लावून उभं करायचं, मारामारी करायची नाही. उंट गेले तरी चालतील, बंद पटावर ते तसेही अडकतात. घोडे जपायचे, ते भिंतीवरून जातात. सुरुवातीलाच एखादी वेडीवाकडी चाल करायची, म्हणजे त्याची पाठ केलेली पानं वाया जातात. आणि मग काहीच करायचं नाही. आपला राजा एक घर इकडे, एक घर तिकडे.

"मग?"

"मंग त्याले सुचत नाही. माणूस बसून राहू शकते, हा नाही राहू शकत. कंटाळून स्वतःच्याच राजापुढचं प्यादं ढकलते. तिथं हाणाचा." ते खोकले. "एक ध्यानात ठेव. हा फुकट काही देत नाही. त्यानं फुकट देलं त समज, आपलं काही घेऊन राहिला."

३

मात्र त्या डावात बाबा हाणत नव्हते. पट इकडून तिकडे पूर्ण बंद होता, काळ्यापांढऱ्या प्याद्यांची एक सलग वाकडीतिकडी भिंत. रोज दुपारी बाबा एक चाल करत. राजा एक घर डावीकडे. दुसऱ्या दिवशी एक घर उजवीकडे. तिकडून हत्ती हले, परत येई. नवा डाव मांडत नसत आणि हा संपवतही नसत.

"जिंकायचं नाही का, बाबा?"

"जिंकाले भिंत फोडा लागते."

मी प्रशिकला विचारलं, की तीच तीच चाल झाली तर असे प्रोग्राम डाव बरोबरीत सोडतात ना? तो बूट काढत म्हणाला, "जुना आहे, बिघडला असंन. बाबांना नादी लागायला एक खेळणं आहे, राहू दे ना यार."

बरोबर होतं. मीही राहू दिलं असतं. फक्त तो आवाज होता.

प्रोग्रामची चाल झाली की टक्कन वाजे. लाकडावर लाकूड ठेवल्यासारखं. बरेच दिवस मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मग एकदा टेबलाखाली झाडू फिरवताना लक्षात आलं की कॉम्प्युटरला स्पीकरच नाहीत. ते प्रशिकचा मित्र केव्हाचे घेऊन गेला होता. मी वाकलेलीच होते तेव्हा वर पडद्यावर हत्ती सरकला आणि टक्कन वाजलं. माझ्या डोक्याच्या बाजूला. भिंतीतून.

मी हात टेकवला. भिंत उन्हाने तापलेली. पलीकडे फक्त हवा आणि खाली भाजीवाल्यांचा कालवा. सळई तापून वाजते, असं मी स्वतःला सांगितलं. मला ते बऱ्यापैकी पटलं.

४

उन्हाळा संपता संपता बाबांची छाती भरली. ओठ निळे पडू लागले. अॅम्ब्युलन्स खाली येईपर्यंत मी त्यांना उशीला टेकवून बसले होते. सासूबाई पिशवी भरत होत्या, प्रशिक जिन्यात स्ट्रेचरवाल्यांना रस्ता करून देत होता.

"पोरी," बाबा म्हणाले. एकेक शब्दाला दम लागत होता. "रोज एक चाल खेळजो. राजा इकडं, राजा तिकडं. भिंत नको उघडू."

"बाबा, आता खेळाचं काय?"

"आईक. आमच्या खाणीत आग लागली होती एक डाव. अशी आग विझत नाही, मंग तो भाग भिंत घालून बंद करा लागते. आम्ही घातली. पहिले माणसं मोजली. सारे बाहेर होते. एकही कमी नाही. मी स्वतः मोजली." त्यांनी माझं मनगट धरलं. "भिंत झाली, अन् आतून ठोकाचा आवाज येऊन राहिला. छत ठोकते तसा."

"मग तुम्ही काय केलं?"

"काय कराचं? सारे बाहेर होते ना." ते छताकडे बघत राहिले. "आतून ठोकते, तोवर ते आत आहे. समजलं?"

"आणि ठोकणं थांबलं तर?"

तेवढ्यात माणसं आत आली. मास्क चढला. बाबांनी मास्कच्या आतून काहीतरी सांगितलं. ते फक्त वाफेसारखं दिसलं.

५

सासूबाई दिवसभर दवाखान्यात, प्रशिक ऑफिसातून परस्पर तिकडे. दुपारी घरात मी एकटी. स्वयंपाक, डबा, आणि मग ती चाल. हसू येई, पण करत होते. बाबांची काठी दाराशी होती, तिने भिंतही ठोकायची. दोन, थांबून एक. भरीव. राजा इकडे. पलीकडून टक्क. राजा तिकडे. टक्क. आवाज आला की बरं वाटायला लागलं होतं. बाबा श्वास घेताहेत याची पावती असल्यासारखं.

त्या दुपारी फोन खांद्याशी धरून मी खुर्चीवर बसले. सासूबाई रडत होत्या. "डॉक्टर म्हणून राहिले, नळी टाका लागन. तुले काय सांगू, डोळे उघडत नाही वं ते."

"आई, तुम्ही जेवलात का?" मी विचारलं. माझ्याकडे असे मोठ्या प्रसंगाला लहान प्रश्न असतात.

बोलता बोलता माझा हात माउसवर होता. पडद्यावर आमचा राजा कोपऱ्यात, स्वतःच्याच प्याद्यांमागे घुसमटलेला. आणि हाताने लहानपणापासूनचं केलं. राजा उचलला, अडीच घरं पुढे, प्यादं ओलांडून, मोकळ्या घरात ठेवला.

फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं. राजा तिथेच उभा होता. प्रोग्रामने तो परत कोपऱ्यात पाठवला नव्हता.

पलीकडून बराच वेळ काही हाललं नाही. डब्याची घरघर चढली, उतरली. मग टक्क. हत्तीच हलला, नेहमीचा. पण आवाज टेबलामागून आला नाही. भिंतीच्या वरच्या अंगाने आला, माझ्या डोक्याच्या बराच वर. जणू कोणी उंची मोजत होतं.

संध्याकाळी प्रशिकला सांगितलं. त्याने चालू डाव सेव्ह करून दुसरा मांडला आणि राजाला उडी मारून पाहिली. प्रोग्रामने राजा परत घरात नेऊन ठेवला. पुन्हा मारली, पुन्हा परत. "पाह्य, घेतच नाही तो. तू घोडा उचलला असशील."

"दोन्ही घोडे तिथेच आहेत."

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, काळजी होती, आणि ती मला जास्त लागली. "काजल, तू झोपत नाहीस का नीट?"

जी उडी पलीकडच्याला येत नव्हती ती मी दाखवली होती, आणि त्याने ती पाहिली होती.

६

दुसऱ्या दुपारी मी कॉम्प्युटर सुरू केला तेव्हा, पाळी माझी असूनही, पलीकडची चाल होऊन गेली होती. काळा राजा भिंतीच्या अलीकडे उभा होता.

अडीच घरं. प्याद्यांवरून. आमच्या बाजूला, उघड्यावर, एकटा.

मला भीती वाटायला हवी होती. खरं सांगते, वाटला तो आनंद. बाबा सांगायचे ती वेळ हीच. पलीकडचा कंटाळला, चुकला, बाहेर आला. त्याचे हत्ती, त्याचा वजीर सगळे भिंतीमागे अडकलेले. माझे दोन घोडे आणि वजीर अलीकडे. मी शह दिला. त्याने राजा हलवला. भिंतीतून आवाज आला नाही. मी घोडा आणला. आवाज नाही. तो कुठेही पळत नव्हता. एक एक घर, माझ्या दिशेने, शांतपणे येत होता. मी वजीर ठेवला आणि मात झाली.

आपण जिंकलात, अशा अर्थाची पाटी पडद्यावर आली. माझ्यासारखी शेडमध्ये शिकलेली बाई कॉम्प्युटरला हरवते! मी टाळी वाजवली, एकटीने. त्या टाळीचा आवाज खोलीत राहिला नाही. कुठेतरी निघून गेल्यासारखा ऐकू आला.

मी काठी घेतली. भिंत ठोकली. दोन, थांबून एक.

पोकळ.

फोन वाजला. सासूबाई हसत होत्या, रडत होत्या. "उठून बसले वं! नळी नाही, काही नाही. आपल्या हातानं मास्क काढून फेकला. डॉक्टरच चाट पडले!"

हा फुकट काही देत नाही. ते वाक्य मला त्याच वेळी आठवलं, आणि मी म्हणाले, "किती छान झालं, आई."

७

बाबा घरी आले. जिना स्वतः चढले. काठी हातात घेतली नाही, दाराशी होती तिथेच राहिली.

शेजारच्या मनकर्णाकाकू बघायला आल्या. "गोपाळराव, दवाखान्यात गेल्ते का सासुरवाडीले? कसे टवटवीत झाले!"

बाबा हसले. सगळे हसले. सासूबाईंनी किती दिवसांनी केसांना तेल लावलं होतं. प्रशिकने पेढे आणले.

मी बघत होते. त्या हसण्यात, पेढे खाण्यात, जिना चढून आल्यावर, कशातच खोकला नव्हता. सकाळचा नाही, चहानंतरचा नाही. माझ्या पोळ्या चुकायला लागल्या.

"खोकला गेला त तुले वाईट वाटून राहिलं का?" सासूबाई म्हणाल्या. हसतच, पण मला कळलं की पुढचं बोलायचं नाही. आणि मी बोलणार तरी काय होते? नवी सून म्हणते, सासरे बरे झाले, पण ते ते नाहीत?

दुपारी बाबा हॉलमधल्या सोफ्यावर बसत, अरुंद खोलीच्या दाराकडे तोंड करून. पडदे ओढून घेत. मी एकदा ट्यूबलाइट लावली. "राहू दे," ते म्हणाले. "अंधार बरा आहे."

त्यांनी चहाचा कप परत दिला. कपाच्या कानावर बोटांचे ठसे होते, काळे. मी ते राखेने घासले. निघाले. मग माझे हात घासले.

८

आज जेवणं झाल्यावर सासूबाई आतल्या खोलीत आडव्या झाल्या. मी भांडी ठेवत होते तेव्हा ऐकलं.

दोन ठोके. थांबून एक.

मी आधी दाराशी पाहिलं. काठी तिथेच होती. बाबा सोफ्यावर होते, दोन्ही हात गुडघ्यांवर. ठोके अरुंद खोलीतून येत होते, भिंतीतून. पूर्वीचं ते टक्क नव्हतं. हे मला पाठ होतं. कोणी आतून छत ठोकून बघत होतं. पुढे जावं की पळावं, ते ठरवत होतं.

मी खोलीत गेले. कॉम्प्युटर मी बंद केला होता, तो सुरू होता. पटावर नवा डाव, आणि तो बंद झालेला. प्यादी नाकाला नाक लावून, एक सलग वाकडीतिकडी भिंत. माझी चाल होती. मी एक प्यादं मागच्या रांगेतून सरकवलं, नुसतं काय होतं ते पाहायला. पलीकडे काळा राजा एक घर डावीकडे गेला. मी हत्ती हलवला. राजा एक घर उजवीकडे आला. हत्ती परत. राजा डावीकडे.

कोणताही प्रोग्राम असा बसून राहत नाही. माणूस राहू शकतो.

"बाबा?" मी पडद्याला म्हणाले. अगदी हळू.

दोन ठोके. थांबून एक. यावेळी घाईने.

"काय करून राहिली वं पोरी?"

आवाज हॉलमधून आला. बाबांचाच आवाज. शब्दाला शब्द बाबांचे, आणि कुठेही दम न लागलेला.

"काही नाही, बाबा. खेळतेय."

"खेळ ना." सोफा कुरकुरला. "रोज एक चाल खेळजो. राजा इकडं, राजा तिकडं." पावलं दारापर्यंत आली आणि थांबली. "फक्त भिंत नको उघडू."

हॉलचा उजेड माझ्या पाठीमागून कमी झाला. पडद्याच्या काचेत दाराची चौकट दिसत होती, आणि चौकटीत उभं असलेलं. मी तिथे बघितलं नाही. बघितलं, पण पूर्ण नाही.

बाबांना देशी खेळ ऐकून माहीत होता. त्यांनी तो कधी खेळला नव्हता. मला शह बसला नव्हता, आणि नव्या डावात उडी नवी असते.

मी राजा उचलला, सावकाश, दिसावं म्हणून. अडीच घरं, प्यादं ओलांडून. मोकळ्या घरात ठेवला आणि माउसवरून हात काढून मांडीवर घेतला. असं, बाबा. असं यायचं.

भिंतीतले ठोके थांबले.

माझ्या मागे पाऊल उंबरठ्याच्या आत पडलं. एक घर. मग आणखी एक.

मी वळले नाही. पडद्यावरच्या काळ्या राजाकडे बघत, कान देऊन, मी खोकल्याची वाट पाहत बसले.